तिसरी हाक आणि मेमसाबचं यंत्र

मागच्या उन्हाळ्यात धानोऱ्याकडच्या एका लग्नात पंगतीला माझ्या शेजारी एक तरुण शिक्षक बसला होता. बोलका मुलगा. वाढपी आमच्यापर्यंत येईस्तोवर त्यानं मला एक गोष्ट सांगितली. पूर्वी म्हणे या भागात एक गोरी बाई आली होती. तिच्याजवळ माणसाचा आवाज ओढून घेणारं यंत्र होतं. लाकडाच्या डेपोत लिलाव पुकारणाऱ्या एका माणसाचा आवाज तिनं त्या यंत्रात भरून नेला आणि तो माणूस मुका होऊन मेला.

"आमच्या गावातल्या काही म्हाताऱ्या अजून मोबाईलमध्ये आवाज भरू देत नाहीत," तो हसत म्हणाला. "तुम्ही ऐकली असेल ना ही गोष्ट, आजोबा?"

ऐकली आहे, म्हणालो. तेवढ्यात भात आला.

तो आवाज भरला गेला त्या खोलीत मी होतो, हे मी त्याला सांगितलं नाही. यंत्राच्या शेजारीच उभा होतो. ज्यांचा आवाज गेला त्यांना मी भाऊ म्हणत असे. त्यांची बायको जाऊनही आता बरीच वर्षं झाली. या गोष्टीतलं खरं काय ते माहीत असलेला मीच उरलो आहे, आणि माझंही वय झालं. म्हणून लिहून ठेवतो.

तेव्हा आमचा चांदा, म्हणजे आताचा चंद्रपूर, जिल्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता. मी वरोऱ्याचा. नागपूरला इंटरपर्यंत शिकून जंगलातल्या एका लाकूड डेपोत कारकून म्हणून लागलो होतो. डेपो म्हणजे मोठं मोकळं मैदान, त्यात सागवान, बिजा, ऐन यांच्या ओंडक्यांच्या थप्प्या. प्रत्येक थप्पीला आम्ही लाट म्हणत असू. वर्षातून काही वेळा लिलाव व्हायचा. नागपूरचे, जबलपूरचे, पार मद्रासकडचे ठेकेदार यायचे. त्यांना कळावं म्हणून लाकडाचा घेर, लांबी, प्रत सगळं इंग्रजीत पुकारायचं आणि मग हिंदीत एक बार, दो बार, तीन बार.

हे पुकारायचं काम भाऊंचं. ते धानोऱ्याच्या पलीकडच्या एका जंगलगावचे. लहानपणी मिशनच्या शाळेत पाद्र्याकडे इंग्रजी शिकले, पण देव आपल्या गावचेच ठेवले. पन्नाशीचे असतील. अंगानं सडपातळ, आवाज मात्र मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असा. आमच्या डेपोत लिलावाला हातोडा नव्हता. भाऊंचा श्वास हाच हातोडा. एक बार, दो बार झालं की ते 'तीऽऽन' धरायचे, आणि तो जोवर चालू आहे तोवर कोणीही हात वर करून बोली वाढवू शकत असे. श्वास संपला की लाट सुटली. मग कलेक्टर आला तरी बदल नाही. ही रीत कोणी घालून दिली होती ते ठाऊक नाही, पण ठेकेदारांना ती आवडायची. भाऊंचा 'तीन' इतका लांब चाले की तेवढ्यात दोन भागीदार आपसात भांडून, समेट करून, पुन्हा हात वर करायचे. जबलपूरचा एक ठेकेदार म्हणायचा, "भाऊ, आधा दम घर पे रखके आया करो."

"घरी बायको हाय ना ठेकेदार," भाऊ म्हणायचे, "तिच्यासमोर मी कुठी बोलतो? तिथी वाचते तेवढा इथी आनतो."

त्या हिवाळ्यात वरून निरोप आला की एक परदेशी बाई येत आहे, विद्वान आहे, तिला रेस्ट हाऊस द्या आणि इंग्रजी जाणणारा एक मदतनीस द्या. डेपोच्या साहेबांनी मला दिलं. बाई जीपमधून आली. केस पांढरे व्हायला लागलेले, पायात जाड बूट. सगळे तिला मेमसाब म्हणू लागले. तिच्याबरोबर एक जड पेटी होती. झाकण उघडलं की आत दोन चकत्या आणि त्यांच्यामधून सरकणारी तपकिरी फीत. टेपरेकॉर्डर. जीपच्या बॅटरीवर चालायचा. आमच्यापैकी कोणी तो आधी पाहिला नव्हता.

तिचं काम तिनं मला समजावून सांगितलं. तिच्या देशात दवाखान्यात निरनिराळ्या मुलखांतले लोक येतात. इंग्रजी बोलतात, पण प्रत्येकाची बोलण्याची चाल वेगळी. कोणी हळू बोलतो, कोणी सूर चढवतो, कोणी मध्येच थांबतो. डॉक्टरला कळत नाही की हा आजार आहे की त्याच्या माणसांची बोलायची पद्धतच तशी. म्हणून ती गावोगावची निरोगी, मोठी, इंग्रजी बोलणारी माणसं गोळा करून त्यांचे आवाज मापत होती. निरोगी आवाज कसकसा असतो ते आधी कळलं तर आजारी ओळखता येईल. मला ते पटलं. मी माणसं आणून देण्याचं कबूल केलं.

तिनं एकच अट घातली होती. माणूस निरोगी पाहिजे.

ते विचारणं माझ्याकडे होतं. मी ज्याला त्याला विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" ज्यानं त्यानं सांगितलं, "बरीच आहे." आमच्याकडे दुसरं उत्तर नसतंच. पाहुण्यासमोर, साहेबासमोर कोणी दुखणं काढत नाही. बोललेलं दुखणं घरात शिरतं म्हणतात. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मी सगळ्यांना निरोगी धरलं.

रेस्ट हाऊसच्या मधल्या खोलीत चौकीदाराच्या आणि आमच्या घरच्या गोधड्या भिंतींवर टांगल्या, म्हणजे आवाज घुमू नये. बोलणाऱ्याच्या हनुवटीपासून मायक्रोफोनपर्यंत गाठ मारलेली एक सुतळी धरायची, म्हणजे सगळ्यांचं अंतर सारखं. ती सुतळी धरण्याचं काम माझं. मग मेमसाब सांगायची: एका श्वासात जमेल तेवढा वेळ 'आ' म्हणा. मग प-त-क, प-त-क असं भराभरा म्हणा. मग तिनंच लिहिलेला एक परिच्छेद वाचा. मिठाची पिशवी घेऊन एक म्हातारा बाजारातून घरी निघतो, अशी काहीतरी साधी हकीकत होती.

बल्लारशाहून एक निवृत्त अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर आला होता, दवाखान्यातली त्रावणकोरकडची नर्स होती, आमचे पुण्याकडचे रेंजर साहेब होते. रेंजर साहेबांना आपल्या इंग्रजीचा फार अभिमान. त्यांनी 'आ' धरला तो सोडीचनात. तोंड लाल झालं, मानेच्या शिरा फुगल्या. नर्स खुर्चीतून उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, पडले तर झेलायला. तेवढ्यात बाहेर चौकीदाराचा कोंबडा आरवला आणि सगळं पुन्हा घ्यावं लागलं. चौकीदार खिडकीखाली कोंबड्याला म्हणत होता, "तुले का इंग्रजी येते? काऊन मंधात बोलतं? आज तुही भाजी करतो." आम्ही सगळे हसत होतो. मेमसाबसुद्धा.

शेवटी भाऊ आले. धुतलेलं धोतर, वर कोट. मी सुतळी त्यांच्या हनुवटीला लावली.

"काय गा बाबू, फाशी देऊन राह्यला का?"

"नाई भाऊ, माप घेतो."

"शिंपी झाला म्हनाचा."

मेमसाबनं बोट वर केलं. भाऊंनी 'आ' धरला. मी मनात म्हटलं, आता ही बाई थक्क होणार. रेंजर साहेब भाऊंपुढे काहीच नाहीत हे तिला कळेल. आवाज सुरुवातीला भरून आला, मग ओल्या ओंडक्यात करवत अडावी तसा अडला. पुन्हा निघाला, पुन्हा अडला आणि संपला. भाऊ खोकले. "पानी दे गा," म्हणाले. दुसऱ्यांदा घेतला. तसाच. मेमसाबनं कानावरचे हेडफोनचे गोळे नीट बसवले आणि तिसऱ्यांदा घ्यायला सांगितला. तिसऱ्यांदा तर आधीच तुटला.

मग परिच्छेद. तो भाऊंनी लिलाव पुकारावा तसा पुकारला. म्हातारा, बाजार, मिठाची पिशवी, एकेक लाट करून. शेवटी म्हातारा घरी पोचला तिथे त्यांनी स्वतःच जोडलं, "एक बार, दो बार..." नर्स डोळे पुसून हसत होती. तिसरी हाक त्यांनी दिली नाही. हात जोडले आणि बिडी ओढायला बाहेर गेले.

बाकीची माणसं चहाला गेल्यावर मेमसाबनं मला थांबवलं. कानाचे गोळे माझ्या कानांवर चढवले आणि फितीचा वेग अर्धा केला. आधी ड्रायव्हरचा 'आ' लावला. दूरवर एखादा भोंगा वाजावा तसा तो जाड, एकसारखा ऐकू आला. मग भाऊंचा लावला. फाटक्या सुपात कोणीतरी गारगोट्या पाखडत होतं. सूर असा नव्हताच. एरवी जे आपल्या कानाला नुसतं 'घसा बसला' वाटतं, ते उलगडून समोर ठेवलं होतं. मी गोळे काढले.

"हा दमलेला आवाज नाही," ती म्हणाली. "मी डॉक्टर नाही. पण असे आवाज मी दवाखान्यात ऐकले आहेत. आत काहीतरी वाढत असावं. याला घशाच्या डॉक्टरकडे लवकर पाठवा. तुम्हीच सांगा, तुमच्या भाषेत. मी सांगितलं तर घाबरेल."

मी हो म्हणालो.

"तब्येतीचं तुम्ही कसं विचारलं होतं?"

मी सांगितलं.

तिनं फीत थांबवली. "इथे कोणी 'बरं नाही' असं सांगतं का?"

"पाहुण्याला नाही सांगत," मी म्हणालो.

भाऊंचा आवाज आपल्याला मोजणीत धरता येणार नाही, असं म्हणून तिनं ते रीळ बाजूला ठेवलं.

बाहेर भाऊ जीपच्या बॉनेटला टेकून उभे होते. मला पाहून बिडी टाकली.

"का गा बाबू, बाकीच्यायचा आवाज एकडाव घेतला. माहाच काऊन तीनडाव घेतला?"

सांगायची वेळ तीच होती. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्यांनी आपणहून विचारलं होतं.

"यंत्र बिघडलं होतं भाऊ," मी म्हणालो.

"हाव का?" त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मी म्हटलं, माहाच गळा बसला का काय. दसऱ्यापासून थोडा जड हाय. बेहड्याचं सालटं तोंडात ठेवून राह्यलो, पर काई फरक नाई."

यंत्र बिघडलं नव्हतं. उत्तम चालू होतं. ही एक गोष्ट मला लिहायची होती, ती लिहिली.

मी तसं का म्हणालो, याचा विचार मी आयुष्यभर केला आहे. पुढच्याच आठवड्यात मोठा लिलाव होता. लिलावाआधी भाऊ आंबट खात नसत, त्यांची बायको गावाहून येऊन त्यांच्यावरून मीठ-मोहरी ओवाळून टाकायची, आणि डेपोतलं कोणीही त्यांच्यासमोर वाईट शब्द काढत नसे. ओंडका पडून मजूर जखमी झाला तरी ती बातमी भाऊंना लिलाव उरकल्यावर सांगत. मी स्वतःला म्हटलं, लिलाव होऊ दे, मग सांगू. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. कोणाच्या तोंडावर असं काही बोलायचं कसं, ते मला येतच नव्हतं. इंग्रजीत ऐकलं तेव्हा समजलं होतं. आमच्या बोलीत ते वाक्य मी मनात कितीदा जुळवलं, आणि दर वेळी ते शिव्याशापासारखं वाटलं.

मेमसाब दुसऱ्या दिवशी सिरोंच्याकडे निघून गेली. जाताना तिनं आपला पत्ता दिला आणि पुन्हा एकदा म्हणाली, विसरू नका.

लिलावाच्या दिवशी मैदान भरलं होतं. सुरुवातीच्या लाटा किरकोळ होत्या, त्यांत चढाओढ नव्हती. भाऊ 'तीन' आखूडच धरत होते, कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग त्या वर्षीच्या सगळ्यांत चांगल्या सागवानाची लाट आली. नागपूरवाला आणि मद्रासवाल्याचा मुनीम असे दोघेच उरले. शेवटची बोली नागपूरवाल्याची. भाऊंनी छाती भरून घेतली. मी बाजूला कागद धरून उभा होतो. मला त्यांच्या पाठीवर कोट ताणलेला दिसला.

"एक बाऽर. दो बाऽर. ती..."

आणि काहीच नाही. तोंड उघडं होतं, हात वर होता. मुनीमाचा हात त्याच वेळी वर गेला.

"सुटली!" नागपूरवाला ओरडला. "दम टूटा, लाट छूटी!"

मुनीम इंग्रजीत भांडायला लागला, की दम संपला नाही, आवाज अडकला, दोन्हींत फरक आहे. दोन्हीकडची माणसं पुढे सरकली. साहेबांनी भाऊंकडे पाहिलं. निवाडा भाऊंचाच असायचा.

भाऊंनी घसा खाकरला. कुजबुजल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "दम टूटा. सुटली."

मुनीमानं कपाळावर हात मारला. साहेब जवळ आले. "काय झालं हो?"

माणसाला सगळ्यांसमोर काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. भाऊ हसले. "का सांगू साहेब, माहा तीन मेमसाबच्या मशीनीत राह्यला. मशीन बिघडली होती, आतच अटकला. बाबूले विचारा."

सगळे हसले. ठेकेदार, मजूर, साहेब. भाऊ माझ्याकडे पाहत होते. मीही हसलो.

उरलेल्या लाटा साहेबांनी मला पुकारायला लावल्या. भाऊ माझ्या शेजारी उभे राहिले आणि दर तिसऱ्या हाकेला माझ्या पाठीवर हात ठेवून, किती धरायचं ते दाबून दाखवत राहिले. पुढच्या वर्षी डेपोत लाकडी हातोडा आला.

त्यानंतर सांगायचा प्रयत्न मी केला. लिलावानंतर भाऊ गावी परतले होते, एकदा तिथे गेलो. सायकल ढकलत नाले ओलांडले, वाटेत वाक्य घोकत होतो. पोचलो तर अंगणात गाव जमलेलं. भाऊंच्या बायकोनं आंबील दिलं. ती कामानं राबलेली, थोडक्यात बोलणारी बाई. गावचा पुजारी मला विचारत होता, ते यंत्र केवढं होतं, त्याला दात होते का. भाऊ कुजबुजत त्यांना समजावत होते, "तसं नाई गा, फीत असते." कोणी ऐकत नव्हतं. लिलावातली त्यांची थट्टा त्यांच्या आधी गावात पोचली होती आणि आता ती थट्टा राहिली नव्हती. मी आंबील प्यालो आणि परत आलो. निघताना एवढं म्हणालो, "भाऊ, एकदा चांद्याला दाखवून या गळा."

"जाऊ ना," ते म्हणाले. "पानं होऊन जाऊ दे."

उन्हाळा, तेंदूपानं तोडायचे दिवस आले. एका दुपारी भाऊंची बायको डेपोच्या फाटकाबाहेर पळसाच्या सावलीत बसलेली दिसली. एकटी चालत आली होती. मी पाणी नेऊन दिलं.

"बाबू," ती म्हणाली, "मेमसाबले चिठ्ठी लिवा."

"काय लिहू बाई?"

"आवाज वापस मांगा. म्हना, काम झालं असन तं देऊन टाका. आमी भांडत नाई. चुकून गेला असन." मग जरा थांबून म्हणाली, "त्यायले घास जाऊन नाई राह्यला बाबू. पेज पेतात तं नाकातून येते."

मी तिथेच मातीत बसलो. तिला सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर तिनं मला विचारलं असतं, हिवाळ्यापासून तुमाले माहीत होतं? मी म्हणालो, "लिहितो."

लिहिलंही. रीळ पाठवा, त्यांच्या घरच्यांना हवं आहे. त्यांना डॉक्टरकडे नेलं का, असं तिनं विचारू नये म्हणून चिठ्ठी चार ओळींचीच ठेवली.

मग पाऊस. त्या काळी पावसात धानोऱ्याच्या पुढचा रस्ता म्हणजे नुसते नाले. माणूस इकडचा इकडे, तिकडचा तिकडे. त्या पावसातच पार्सल आलं. पुठ्ठ्याच्या चौकोनी डबीत रीळ, वर तिच्या अक्षरात फक्त 'शुभेच्छांसह'. मी ते ट्रंकेत ठेवलं आणि पूर ओसरायची वाट पाहिली. आमच्या साऱ्या मुलखात ते वाजवणारं यंत्र नव्हतं.

रस्ता सुरू झाल्याबरोबर गेलो. भाऊ खाटेवर बसले होते. निम्मे राहिले होते. गळ्याशी एका बाजूला गाठ दिसत होती. मी डबी त्यांच्या हातात दिली. गाव पुन्हा जमलं. त्यांनी रीळ काढलं, फितीचं टोक थोडं ओढलं, वास घेतला आणि नाक मुरडून माझ्याकडे पाहून हसले. आवाज आलाच नाही, फक्त खांदे हलले.

"आता हे यायच्या गळ्यात कसं टाकाचं?" बायकोनं विचारलं.

"तसं नाही बाई," मी म्हणालो. "हे यंत्रावर लावावं लागते."

"कोनत्या यंत्रावर? बिघडलेल्या?"

ती उत्तराची वाट पाहत होती. भाऊंनी हळूच रीळ डबीत घालून डबी धानाच्या कणगीमागे ठेवायला तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन निघालो. बैलगाडीनं गडचिरोली, नावेनं वैनगंगा, मग मूल गावाहून छोट्या रेल्वेगाडीनं चांदा. चांद्याच्या डॉक्टरनं आरसा घालून गळा पाहिला आणि मला बाहेर बोलावलं. नागपूरला नेऊन काय होईल, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "हिवाळ्यातच आणलं असतं तर?" मी विचारलं. ते हात धूत होते. "कोण सांगणार?" म्हणाले. "कदाचित वाचला असता. कदाचित नसता." त्यांनी 'नक्की वाचला असता' म्हटलं असतं, तर मला एक ठाम गोष्ट तरी मिळाली असती. 'नसताच वाचला' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

परतीच्या वाटेवर वैनगंगेत नाव मध्यावर आली. भाऊ माझ्या समोर बसले होते, पाण्यात बोटं घालून. मी म्हणालो, "भाऊ, मेमसाबनं मले तेव्हाच..."

"बाबू, जरा त्या बाजूले सरका," नावाडी म्हणाला. "नाव कलंडून राह्यली."

मी सरकलो. भाऊ माझ्याकडे पाहत थांबले होते. पुढचं ऐकायला थांबले होते, हे स्पष्ट दिसत होतं. विचारण्यापुरताही आवाज त्यांच्यात उरला नव्हता, म्हणून भुवया उंचावल्या.

"तेव्हाच म्हणाली होती," मी म्हणालो, "की असा माणूस तिनं कुठी पाहिला नाही."

त्यांनी मान डोलावली आणि ते पुन्हा पाण्यात पाहू लागले. त्यांना काय कळलं होतं, काय नव्हतं, ते मला सांगता येणार नाही. माणूस हुशार होता.

थंडी पडू लागली तेव्हा ते गेले. निरोप मिळाला तसा निघालो, पोचलो तेव्हा गावाबाहेर खड्डा तयार होता. त्यांच्याकडे माणसाच्या वापरातल्या वस्तू त्याच्याबरोबर देतात. कोट दिला, काठी दिली, बिडीची डबी दिली. मग बायकोनं पदराखालून पुठ्ठ्याची डबी काढली, रीळ बाहेर घेतलं आणि त्यांच्या छातीवर, गळ्याच्या जवळ ठेवलं. फितीचं सुटं टोक वाऱ्यानं हलत होतं. ते तिनं बोटानं गुंडाळून आत खोचलं.

"घ्या," ती त्यांना म्हणाली. "तुमचा तुमाले आला."

त्या फितीवर 'आ' तीन वेळा होता आणि तीनही वेळा तुटलेला होता. मिठाची पिशवी घेऊन निघालेला म्हातारा होता. एक बार, दो बार होतं. तिसरी हाक नव्हती. हे तिथे फक्त मला ठाऊक होतं.

माती लोटून झाल्यावर माणसं नाल्यावर हातपाय धुवायला गेली. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"बाबू, एक विचारू? तुमी तिथी होते. यंत्र बिघडलंच होतं ना? मुद्दाम नाई ना केलं मेमसाबनं?"

"नाई बाई," मी म्हणालो. "बिघडलं होतं."

"मंग कोनाचा दोष नाई," ती म्हणाली, आणि तीही नाल्याकडे गेली.